वाचकांचे प्रश्न : नाशिकचा एक दिवस, पाणपक्षी, विहार आणि वाइन

नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य, त्रिरश्मी लेणी म्हणजेच पांडवलेणी आणि गंगापूर बाजूची एखादी वायनरी, असा एका दिवसाचा कार्यक्रम हल्ली बरेच गट आखतात. थंडी सुरू झाल्यापासून या सहलीबद्दल वाचकांकडून पुष्कळ प्रश्न आले. त्यातल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

तिन्ही ठिकाणं एका दिवसात खरंच होतात का? आधी कुठे जावं? आम्ही ठाण्याहून सहाजण येणार आहोत.

होतात, पण आदल्या रात्री नाशिकला मुक्काम असेल तरच. ठाण्याहून पहाटे निघून येणारे गट नऊ-साडेनऊला पाण्यावर पोहोचतात. तोपर्यंत सकाळचा सगळ्यात चांगला वेळ हातचा गेलेला असतो.

क्रम ठरवताना घड्याळ पक्ष्यांचं पाळा. लेणी दुपारी बारालाही पाहता येतात, वाइन संध्याकाळीही चाखता येते. बदकं आणि चिखलात चरणारे पक्षी मात्र पहिल्या तीन तासांतच नीट दिसतात. डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य सातच्या आसपास उगवतो. नाशिकहून साडेपाचला निघा. छत्रपती संभाजीनगर रस्त्याने निफाड आणि तिथून साधारण 12 किलोमीटरवर अभयारण्य. मुख्य प्रवेश चापडगावकडून आहे. पाऊणेसातला निरीक्षण मनोऱ्यापाशी उभे असलात की पहिलं ऊन पडताना पाण्यावर काय काय आहे ते कळतं.

सव्वादहापर्यंत पक्षी, मग डबा उघडून तिथेच किंवा निफाडला नाश्ता. बाराच्या सुमारास पांडवलेण्यांच्या पायथ्याशी. पाऊणे दोनला खाली उतरा, जेवा, आणि पावणेचारपर्यंत वायनरीत पोहोचा. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे टेस्टिंग झाल्यावर द्राक्षमळ्यात फिरायला उजेड उरतो.

अभयारण्य शहराच्या पूर्वेला, वायनऱ्या पश्चिमेला आणि लेणी दक्षिणेला मुंबई-आग्रा महामार्गावर. त्यामुळे नाशिक शहर एकदा तरी ओलांडावंच लागतं आणि सगळा उशीर तिथेच होतो. अकरा वाजून गेले तरी तुम्ही पाण्यावरच असाल, तर त्या दिवशी वायनरी सोडून द्या. लेणी घाईत उरकण्यासारखी नाहीत, आणि उशिरा पोहोचून पंधरा मिनिटांत पाच ग्लास संपवण्यात काही अर्थ नाही.

कोणता महिना धरावा? रोहित पक्षी (फ्लेमिंगो) नक्की दिसतील का?

रोहित नक्की दिसतील असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ते काही वर्षी येतात, काही दिवस थांबतात आणि पाण्याची पातळी बदलली की उठून जातात. त्यांच्यासाठी म्हणून ही सहल आखू नये.

महिन्याबद्दल आमचं मत असं की जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा या तिहेरी सहलीचा सर्वांत चांगला काळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नुकत्याच आलेल्या बदकांचे नर अजून फिक्या, मादीसारख्या पिसाऱ्यात असतात. थापट्या कोणता आणि तलवार बदक कोणतं, हे नवख्याला ओळखता येत नाही. जानेवारीपर्यंत नरांवर पूर्ण रंग चढतो: थापट्याचं हिरवं डोकं आणि तांबूस कूस, भुवई बदकाची डोळ्यावरची पांढरी रेघ, तलवार बदकाच्या मानेवर चढत गेलेला पांढरा पट्टा. मार्च लागला की बदकं परतू लागतात.

दुसरीकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते. इथल्या वेलींची वर्षात दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. घड तयार होतो तो थंडीच्या शेवटी. म्हणून फेब्रुवारीत वायनरीत गेलात तर क्रेटमधून आलेली द्राक्षं, देठ वेगळे करणारं यंत्र आणि आंबू लागलेल्या रसाच्या टाक्या चालू स्थितीत दिसतात. नोव्हेंबरमध्ये तुम्हाला त्याच टाक्या दाखवतील, पण गप्प उभ्या.

तारीख ठरवताना एक गोष्ट लोक हमखास विसरतात. 26 जानेवारीची सुट्टी सहलीला सोयीची वाटते, पण महाराष्ट्रात तो ड्राय डे असतो. 30 जानेवारीही ड्राय डे. निवडणुका असतील तर ते दिवसही पाहून घ्या. आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळा. टेस्टिंगची वेळ आधी नोंदवावी लागते आणि सुट्टीच्या दिवशी वाइनबद्दल सांगणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते.

20×50 ची दुर्बीण घेतली. दोन वेगवेगळी वर्तुळं दिसतात, चित्र हलतं आणि पहाटे तर सगळं अंधारलेलं. दुर्बीण खराब निघाली का? (वाचक, संगमनेर)

दुर्बीण बहुधा ठीक आहे, निवड चुकली. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते. तुमच्या दुर्बिणीत ती 50 भागिले 20, म्हणजे अडीच मिलिमीटर. पहाटे डोळ्याची बाहुली याहून बरीच मोठी उघडलेली असते, म्हणून चित्र काळवंडलेलं दिसतं. शिवाय 20 पट मोठं दिसतं तेव्हा हाताचा कंपही 20 पट दिसतो. हातात धरून वापरायला 8×42 घ्या. तिथे हाच आकडा सव्वापाच येतो, चित्र उजळ राहतं आणि दिसणारा पट्टा रुंद असल्यामुळे उडता पक्षी सापडतो. 10×42 चालेल, पण हात स्थिर हवा. तुमची 20×50 तिपाईवर बसवता येत असेल तर दूरची बदकं पाहायला उपयोगी पडेल.

दोन वर्तुळांचा दोष जुळवणीचा आहे. मधली बिजागरी उघड-मीट करून दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतरावर आणा. दोन वर्तुळांचं एक झालं की थांबा. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप पूर्ण खाली ढकला, नसेल तर वर ओढा. मग 30-40 मीटरवरची एखादी पाटी पकडा. उजव्या बाजूचं पुढचं भिंग तळहाताने झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्यापाशी असलेली कडी फिरवा आणि तीच अक्षरं उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. ही कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, ती जागा तुमच्या डोळ्यांची. पुढे दिवसभर फक्त मधलं चाक वापरायचं. हे काम आदल्या दिवशी गॅलरीत उभं राहून करा. मनोऱ्यावर अंधुक उजेडात आणि गारठलेल्या बोटांनी ते जमत नाही.

दुर्बिणीतून पक्षी शोधू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरा, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. एवढी सवय लागली की निम्मी तक्रार संपते.

नोव्हेंबरमध्ये जाऊन आलो. पाणी भरपूर, पण पक्षी लांब आणि थोडेच. गाईड म्हणाला, पाणी जास्त आहे. पाणपक्ष्यांना पाणी जास्त कसं होईल?

गाईड बरोबर बोलला. नांदूर मधमेश्वर हे नैसर्गिक तळं नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी ब्रिटिश काळात बांधलेला बंधारा आहे आणि त्यातून डावा आणि उजवा कालवा निघतो. बंधाऱ्यामागे शंभर वर्षांत गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटं आणि लव्हाळ्याची दाटी तयार झाली. त्यावर पक्षी आले. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं आणि पुढे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली.

इथली पातळी पावसापेक्षा आवर्तनावर ठरते. वरच्या धरणांतून शेतीसाठी पाणी सोडलं की जलाशय फुगतो आणि काठाचा चिखल बुडतो. शेकाट्या, मालगुजा, तुतवार हे पक्षी त्या चिखलातच चोच खुपसून किडे-अळ्या टिपतात. त्यांच्या पायांची उंची ठरलेली असते. पाणी बोट-दोन बोटं वाढलं तरी जागा बदलावी लागते. चमचा आणि चित्रबलाक हे पक्षीही उभे राहून चरणारे. पोटरीभर पाणी त्यांना पुरतं, कमरेएवढं झालं की ते दुसरीकडे जातात. खोल पाण्यात उरतात ते बुडी मारणारे पक्षी आणि मध्यावर तरंगणारी बदकं, तीही काठापासून लांब.

म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी वन विभागाच्या केंद्रात किंवा ओळखीच्या गाईडकडे एकच चौकशी करा: सध्या आवर्तन चालू आहे का? चालू असेल तर तारीख आठवडाभर पुढे न्या. पाणी उतरू लागल्यानंतरचे चार-पाच दिवस सगळ्यात चांगले, कारण नुकताच उघडा पडलेला चिखल अन्नाने भरलेला असतो. काठावर गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरणी, झालेली असेल तर तिथे जरूर थांबा. हरभऱ्या-गव्हाच्या त्या तुकड्यांत पिवळे धोबी आणि शंकर हे छोटे पक्षी अगदी जवळून दिसतात. शंकराचा निळा-तांबडा गळा पाहायचा तर लव्हाळ्याच्या कडेला दहा मिनिटं न हलता उभं राहावं लागतं. तो जमिनीवर टुणटुणत बाहेर येतो, शेपूट झटकतो आणि परत आत जातो. जलपर्णीने झाकलेला भाग रिकामा समजू नका. जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी तिथेच असतात.

अंतराचं म्हणाल तर त्यात पाहणाऱ्यांचाही दोष असतो. थव्याकडे सरळ चालत जाऊ नका, तिरकं चाला आणि मधूनमधून थांबा. चरणाऱ्या बदकांच्या माना एकदम वर झाल्या, की तुम्ही त्यांच्या हद्दीत आलात. तिथेच थांबलात तर मिनिटभरात माना पुन्हा खाली जातात. आणखी दोन पावलं टाकलीत तर थवा उठतो आणि त्या काठावर पुन्हा तासभर बसत नाही. मागून येणाऱ्या गटाचीही सकाळ वाया जाते. पक्ष्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणं हाही तसलाच त्रास. ते करू नका, गाईड करत असेल तर थांबवा.

गाईड घ्यावाच लागतो का? कपडे कसे हवेत?

घ्या. आसपासच्या गावांतली मुलं हे काम करतात. आज कुठला काठ उघडा पडलाय, मीनघार कोणत्या वठलेल्या झाडावर बसतेय, हे त्यांना कालचं ठाऊक असतं. पुस्तकातून ते मिळणार नाही. एका गाईडमागे आठ-दहापेक्षा जास्त माणसं नकोत आणि पाच-सहा जणांमागे एक टेलिस्कोप असावा. टेलिस्कोप 20 ते 30 पटीवर ठेवायला सांगा. दहानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरू लागते, तेव्हा 60 पटीने नुसता लाटांचा खेळ दिसतो.

कपडे मातकट, राखाडी, फिका हिरवा अशा रंगांचे. पांढरा आणि लाल नको. निफाडची थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर कडाक्याच्या दिवसांत पारा 5 अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, कारण त्या गारठ्याने मणी तडकतात. कानटोपी, हातमोजे आणि काढता येतील असे दोन थर घाला. दुपारी लेणी चढताना सदराही जड वाटेल.

लेण्यांसाठी दीडच तास आहे. काय पाहावं? ‘विहार’ म्हणजे नेमकं काय, देऊळ की मठ?

विहार म्हणजे भिक्षूंची राहण्याची जागा. भिक्षू वर्षभर फिरत आणि पावसाळ्याचे महिने एका जागी वर्षावास करत. त्यासाठी या डोंगरात खोल्या कोरल्या गेल्या. एकूण 24 लेणी आहेत. त्यांतलं 18 क्रमांकाचं चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं पूजेचं ठिकाण, आणि बाकीची बहुतेक निवासाची. दीड तासात 24 पाहायला जाल तर एकही दिसणार नाही. चारच पाहा: 3, 10, 18 आणि 19.

10 क्रमांकापासून सुरुवात करा. क्षत्रप घराण्यातला राजा नहपान याचा जावई उषवदात याने दिलेलं हे लेणं. आतल्या दालनाभोवती 16 खोल्या आहेत आणि प्रत्येकीत दगडातच कोरलेला ओटा, म्हणजे भिक्षूचा पलंग. एका खोलीत शिरा, डोळे अंधाराला सरावू द्या आणि त्या ओट्याची लांबी-रुंदी पाहा. मग बाहेर व्हरांड्यातल्या लेखांकडे वळा. ब्राह्मी लिपीतल्या एका लेखात ठेवीचा हिशेब कोरला आहे. उषवदाताने भिक्षुसंघासाठी 3,000 कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेवली. एकीकडे 2,000, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे 1,000, शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आणि 2,000 च्या व्याजातून इथे वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापणं द्यायची. आता गुणाकार करून पाहा. 2,000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही 240. जवळजवळ 1,900 वर्षांपूर्वीचा हिशेब पैशापर्यंत जुळतो. ज्या गोवर्धनातल्या विणकरांकडे ही ठेव होती, त्याच नावाचं गाव आजही नाशिकच्या पश्चिमेला गोदावरीकाठी आहे, आणि संध्याकाळी तुम्ही वायनरीकडे जाता ते त्याच शिवारातून.

तिथून 3 क्रमांकाकडे. हे गौतमी बलश्रीचं लेणं. तिच्या मुलाने, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, नहपानाची सत्ता मोडून काढली. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षातल्या लेखात तिने मुलाच्या पराक्रमाचं वर्णन कोरवून घेतलं आहे. दर्शनी भागात खाली सहा धिप्पाड गण खांद्यावर तुळया पेलताना दिसतात. त्यांचे चेहरे जवळून पाहा. दालनाभोवती 18 खोल्या आहेत. गौतमीपुत्राच्या विजयाचा आणखी एक पुरावा सकाळच्या तुमच्या वाटेपासून फार लांब नाही. गोदावरी-दारणा संगमावरच्या जोगलटेंभी गावात 1906 मध्ये नहपानाची 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता.

18 च्या दारावरची कमान बाहेरून पाहण्यासारखी. धंभिक गावच्या लोकांनी ती दान दिल्याचा लेख तिथे आहे. शेजारचं 19 क्रमांकाचं छोटं लेणं इथलं सर्वांत जुनं, सातवाहन राजा कृष्ण याच्या काळातलं. 10 मधल्या सजावटीनंतर त्याचा साधेपणा नजरेत भरतो.

लेख वाचताना विजेरी समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ती उठून दिसतात. हात लावू नका, घामाने दगडावर डाग पडतात. बुद्धमूर्तीपुढे उपासक वंदना करत असतील तर फोटो थांबवा आणि आवाज खाली घ्या. हे ठिकाण पुरातत्त्व खात्याचं स्मारक असलं तरी अनेकांसाठी श्रद्धास्थान आहे. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा यांतलं काहीही नको.

आईचं वय 72, गुडघे दुखतात. लेणी जमतील?

साधारण 200 पायऱ्या आहेत आणि चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. काठी आणि मधल्या विश्रांतीने जमण्यासारखं आहे, पण उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो, त्याचा आधी विचार करा. जमणार नसेल तर पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे. तिथे सावलीत शांत बसता येतं. नांदूर मधमेश्वरला मात्र त्यांना जरूर न्या. तिथे चालणं सपाटीवरचं आहे. बसायला घडीची खुर्ची घ्या.

आम्ही कुणीही आजवर वाइन प्यायलेलो नाही. टेस्टिंगमध्ये नेमकं काय करायचं? सकाळी नाशिकची मिसळ खाल्ली तर चालेल ना?

मिसळ दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. तिखटाची आग जिभेवर बराच वेळ राहते, वाइनमधल्या अल्कोहोलने ती आणखी भडकते आणि लाल वाइन नुसती कडवट-तुरट लागते. लोणचं, पान-सुपारी, तंबाखू यांनीही तेच होतं. दुपारी वरण-भात, पिठलं-भाकरी असं सौम्य पण पोटभर जेवा. उपाशीपोटी तर अजिबात जाऊ नका. अत्तर लावलेलं असेल तर वाइनचा वास तुम्हालाही कळणार नाही आणि शेजाऱ्यालाही.

टेस्टिंगमध्ये चार ते सहा वाइन, प्रत्येकी साधारण 30 मिलिलिटर देतात. क्रम हलक्याकडून जडाकडे असतो: फेसाळ, मग पांढरी, गुलाबी, लाल आणि शेवटी गोड. ग्लास दांडीला धरा, वाटीला धरला तर हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदासमोर रंग बघा. न हलवता एकदा वास घ्या, मग ग्लास टेबलावरच गोल फिरवून पुन्हा घ्या. दोन्ही वासांतला फरक हाच पहिला धडा. घोट छोटा घ्या, तोंडात सगळीकडे फिरवा आणि चार-पाच सेकंदांनी गिळा किंवा समोरच्या भांड्यात थुंका. थुंकणं असभ्य नाही, ते भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं.

नवख्यांनी लक्ष तीन गोष्टींवर ठेवावं. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर आंबटपणा. हिरड्या आणि गाल आवळल्यासारखे झाले तर टॅनिन, ते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, म्हणून लाल वाइनमध्ये जास्त. आणि घशात ऊब वाटली तर अल्कोहोल. नाशिककडे शनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षं होतात. सुरुवातीला शनँ ब्लाँ रुचते, तिच्यात फळाचा गोडवा असतो. सोव्हिन्यों ब्लाँमध्ये ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास मिळेल, तो दोष नव्हे. पांढरी वाइन 8-10 अंशांना आणि लाल 16-18 अंशांना चांगली लागते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा नियम थंड देशांतला, नाशिकच्या दुपारी तो लावला तर वाइन बेचव होते. कोमट लाल वाइन आली तर थोडी थंड करून मागायला संकोचू नका.

वाइन शाकाहारी असते का?

द्राक्षरस शाकाहारीच, पण गढूळपणा काढताना काही जण अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात. बेंटोनाइट नावाची माती वापरली तर प्रश्न नाही. वायनरीत विचारा, ज्याने वाइन केली त्याला ते माहीत असतं.

गाडी मीच चालवणार. पाच घोट घेतले तर काय बिघडतं?

हिशेब करून पाहू. पाच वाइन प्रत्येकी 30 मिली, म्हणजे 150 मिली. अल्कोहोल साडेबारा टक्के धरलं तर जवळपास 19 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे 15 ग्रॅम. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात यामुळे 100 मिलीमागे अंदाजे 36 मिलिग्रॅम अल्कोहोल येतं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे. बाईच्या शरीरात, वजन कमी असेल तर, हा आकडा आणखी वर जातो. म्हणजे नुसत्या ‘पाच घोटांत’ तुम्ही कायद्याबाहेर गेलात, आणि तेही पहाटे साडेचारला उठून, दिवसभर उन्हात फिरून दमलेले असताना. शरीर हे अल्कोहोल तासाला फार थोडं निकामी करतं. कॉफी पिऊन किंवा तोंड धुऊन काही फरक पडत नाही.

थुंकायचं ठरवलं तरी थोडं पोटात जातंच. चालकाने चाखू नये, एवढंच आम्ही सांगू. सहाजणांत एकाला त्याग करावा लागणं जाचक वाटत असेल तर दिवसभरासाठी चालकासह गाडी करा. पहाटेच्या अंधारात निफाडच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात, त्यासाठीही ते बरं.

मुलं बरोबर आहेत, वय 9 आणि 14. वायनरीत त्यांना घेऊन जाता येतं का?

आवारात आणि जेवायला बहुतेक ठिकाणी येऊ देतात, पण नोंदणी करताना विचारून घ्या. 21 च्या खालच्यांना वाइन देत नाहीत, म्हणून तरुण दिसणाऱ्या मोठ्यांनीही ओळखपत्र जवळ ठेवावं. मुलांना तोडणीच्या दिवसांत द्राक्ष दाखवा. वाइनचा मणी छोटा, जाड सालीचा, बियांचा आणि खाण्याच्या द्राक्षापेक्षा चवीला जास्त तीव्र असतो. मळ्यावर जाळी दिसली तर ती कशासाठी, हेही त्यांनाच ओळखू द्या. सकाळी दुर्बिणीतून पाहिलेले बुलबुल, मैना आणि पोपट पिकल्या घडांवर तुटून पडतात.

दोन बाटल्या सुरतला भावासाठी न्यायच्या आहेत.

नेऊ नका. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि सापुतारा मार्गे जाताना सीमेवर तपासणी होऊ शकते. घरी महाराष्ट्रातच न्यायच्या असतील तर पावती जपून ठेवा आणि बाटल्या डिकीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी प्रचंड तापते, आतली वाइन प्रसरण पावून बूच वर ढकलते आणि चव शिजवलेल्या फळासारखी होते. सीटखाली, कापडात गुंडाळून ठेवा. घरी बूच असलेली बाटली आडवी ठेवा, फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. पांढरी आणि गुलाबी वाइन वर्षभरात पिऊन टाका. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, लालसुद्धा फ्रिजमध्येच ठेवा आणि प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.